तिन्ही मॅच हरल्या, पण गोलचं सांगायचं राहिलं

कोलंबस, ओहायो
१ जून २०२५

प्रिय आई-बाबा,

सा. न.

दादाला सांगितलंय की हे पत्र मोठ्या अक्षरात प्रिंट काढून तुम्हाला दे, म्हणजे बाबांना मोबाईलवर डोळे ताणून वाचायला नको, ऑपरेशन होऊन अजून महिना पण झाला नाहीये. यंदा मे महिन्यातच पाऊस सुरू झाला म्हणे तिकडे, छतावरच्या कुरडया वेळेत उचलल्या ना गं आई?

सोमवारी फोनवर बाबांनी विचारलं, "काय झालं पोरींचं? किती-किती?" आणि मी कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगून टाकलं, "तिन्ही हरल्या." बाबा, तुम्ही "बरं" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. तो तुमचा "बरं" आठवडाभर माझ्या डोक्यातून जात नाहीये. कारण चिऊ शेजारीच बसली होती, फोन ठेवल्यावर तिचा चेहरा एवढासा झाला आणि म्हणाली, "आई, तू आजोबांना गोलचं सांगितलंच नाहीस." खरंच नाही सांगितलं. म्हणून आता सगळं पहिल्यापासून सांगते, नीट.

तर चिऊची ही फुटबॉलची टीमच मुळात जानेवारीत झाली. आधी या पोरी गावच्या रिक्रिएशनल लीगमध्ये खेळायच्या, म्हणजे नाव द्यायचं, टीशर्ट मिळतो, शनिवारी मॅच, सगळ्यांना सारखं खेळायला मिळतं, कोण जिंकलं कोण हरलं फारसं कोणी बघत नाही. त्यातल्याच दहाजणी मिळून नवी ट्रॅव्हल टीम काढली, दुसऱ्या गावांना जाऊन खेळायचं. कोच आहे ती शाळेत गणित शिकवते, कॉलेजात खेळलेली आहे, पैसे घेत नाही. थंडीत बाहेर बर्फ, मग शाळेच्या जिममध्ये लाकडी फ्लोअरवर आठवड्यातून दोनदा प्रॅक्टिस, आणि बाहेर गवतावर पाय ठेवला तो थेट एप्रिलमध्ये.

बाबा, तुम्हाला इथले नियम सांगते, नाहीतर तुम्ही मनात आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमचं चित्र धरून बसाल. नऊ-दहा वर्षांच्या पोरांना इथे सात-सात खेळवतात, गोलकीपर धरून. मैदान लहान, बॉल चार नंबरचा, हाफ पंचवीस मिनिटांचा. गोलकीपरनं बॉल लांब लाथाडायचा नाही, जवळच्या पोरीला द्यायचा, आणि तेव्हा समोरच्या टीमला एका रेषेच्या मागं जावं लागतं, म्हणजे मागून पास करत वर यायची सवय लागते. आणि हेडिंग बंद! मुद्दाम डोक्यानं बॉल मारला तर समोरच्यांना फ्री किक. लहान पोरांच्या मेंदूला मार नको म्हणून दहा वर्षांपर्यंत बंदीच आहे. तुम्ही म्हणाल हेडिंगशिवाय कसला फुटबॉल, पण मला बाई पटलं ते.

टूर्नामेंट मेमोरियल डेच्या (इथली मेअखेरची सुट्टी) वीकेंडला होती, आमच्यापासून दोन तासांवर. आम्ही सगळ्यात खालच्या गटात नाव दिलेलं, आणि चार दिवस आधी ईमेल आला की खालच्या गटात पुरेशा टीम आल्या नाहीत म्हणून तुम्हाला वरच्या गटात घातलंय. चार टीमचा ग्रुप, तीन मॅच, शनिवारी दोन, रविवारी एक. बाकीच्या तिन्ही टीम ट्रायआउट घेऊन निवडलेल्या, दोन-दोन तीन-तीन वर्षं एकत्र खेळणाऱ्या, पगारी कोचवाल्या. पालकांच्या ग्रुपवर रात्री अकरापर्यंत मेसेज चालू, नाव मागं घ्यायचं का म्हणून. कोचनं एकच लिहिलं की पोरींना विचारा. पोरींना विचारलं तर त्यांना हॉटेलात राहायचं होतं, स्विमिंग पूल होता, मग प्रश्नच मिटला.

शनिवारी सकाळी साडेआठची मॅच. गारठा, गवत ओलं, बूट आधीच भिजलेले. आणि आई, तिथं पहिलं संकट कशाचं आलं माहितीये, तू कान टोचताना दिलेल्या त्या सोन्याच्या कुड्यांचं. प्रॅक्टिसला कोणी काही म्हणत नव्हतं, पण रेफ्रीनं रांगेत प्रत्येकीच्या शिन गार्डवर टकटक करून बघितलं, मग कान बघितले आणि म्हणाला हे काढा, चिकटपट्टी लावून पण चालणार नाही. आता त्या मळसूत्राच्या कुड्या, सात-आठ वर्षांत कधी काढल्याच नव्हत्या, फिरकी हलेचना. माझी बोटं गारठलेली, चिऊ "आई गं दुखतंय" करतेय, मॅचला पाच मिनिटं. शेवटी तुमच्या जावयांनी बॅगेतून खोबरेल काढलं (ते बॅगेत होतं हे देवाचे उपकार) आणि ते लावून लावून एक-एक फिरकी सोडवली. रुमालात बांधून माझ्या आतल्या खिशात ठेवल्या आणि दर दहा मिनिटांनी मी खिसा चाचपतेय. नीट आहेत, आता डबीत ठेवल्यात, काळजी करू नकोस.

पहिली मॅच ०-७.

समोरच्या पोरी वॉर्मअपलाच कळत होत्या. जोडीजोडीनं उभ्या, बॉल आला की एका टचमध्ये परत, बघायची पण गरज नाही, गप्पा मारत चाललंय. आणि आमच्या सहाच्या सहाजणी बॉलमागं, गुळाच्या ढेपेला मुंगळे लागतात ना तशा. बॉल डावीकडे गेला की सगळ्या डावीकडे, आणि त्यांची एक उंच पोरगी उजवीकडे एकटी उभी, तिला बॉल मिळाला की गोल. चिऊ डिफेन्सला होती, ती उंच पोरगी चार वेळा तिच्या बाजूनं निघून गेली. चौथ्या वेळी चिऊनं माझ्याकडं बघितलं आणि मला काय करावं ते सुचेना, मी नुसता अंगठा दाखवला.

हाफटाइमला इथं संत्र्याच्या फोडी देतात. डबा माझ्याकडेच होता, झाकण उघडलं आणि बाबा तुम्ही आठवलात, तालमीच्या लहान पोरांच्या टीमबरोबर तुम्ही जायचात तेव्हा लिंबं चिरून मीठ लावून त्या स्टीलच्या डब्यात न्यायचात, चिरायचं काम माझं असायचं, बिया काढून. दादाच्या बोटांना लिंबाचा वास यायचा आणि माझ्या पण.

दुसरी मॅच दुपारी, ०-४. सातवरून चारवर आलो तर मला वाटलं चला सुधारतंय, पण टीममधल्या एकीचे बाबा फार चिडले, म्हणाले उद्याचं कशाला थांबायचं, पोरींचा कॉन्फिडन्स जाईल, आजच घरी जाऊ. दोन-तीन जणांनी माना पण हलवल्या. खरं सांगते, मी पण गप्प बसले, कारण आतून मला पण तेच वाटत होतं. सहा वाजता हॉटेलात गेलो तर आम्ही पालक लॉबीत तोंडं पाडून, आणि पोरी पूलमध्ये इतक्या खिदळत होत्या की रिसेप्शनवाली दोनदा येऊन सांगून गेली.

रात्री झोप नाही. मला २०१७ चा ऑक्टोबर आठवत होता. आम्ही तेव्हा दिवाळीसाठी आलो होतो, चिऊ दोन वर्षांची, आणि भारतात अंडर-सेव्हन्टीन वर्ल्ड कप चालू होता. भारताची टीम पहिल्यांदाच कुठल्यातरी फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये, ती पण यजमान म्हणून, आणि त्यात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव! गल्लीत तर असं वातावरण की आपल्याच घरचं पोरगं खेळतंय. पहिली मॅच अमेरिकेबरोबर, ०-३. मग ९ तारखेला कोलंबिया. चिऊ तुमच्या मांडीवर झोपलेली, आई तू आतून "हरतायत तर बंद करा की" म्हणत होतीस. ब्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर आला आणि मणिपूरच्या त्या जिक्सन सिंगनं हेडर मारला, १-१, भारताचा वर्ल्ड कपमधला पहिला गोल. बाबा तुम्ही असे उठलात की चिऊ दचकून रडायला लागली आणि तुम्ही तिला तसंच उचलून नाचवत होतात. आणि दुसऱ्याच मिनिटाला कोलंबियानं परत गोल मारला. १-२. पुढची घानाबरोबरची पण ०-४ गेली. म्हणजे तिन्ही हरल्या, आमच्यासारख्याच. पण तुम्ही कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कॉर्नर कसा आला हेच सांगत होतात, मॅच हरली हे त्यात कुठं यायचंच नाही. आणि मी मात्र तुम्हाला सोमवारी फोनवर काय सांगितलं, तर "तिन्ही हरल्या".

रविवारी कोचनं पोरींना रिंगण करून बसवलं आणि सांगितलं की आज मला एकच गोष्ट बघायचीय, बॉल आपल्याकडे आला की एकमेकींपासून लांब पळा. बस. खडूनं ओल्या गवतावर नाही उमटत म्हणून तिनं संत्र्याच्या साली मांडून दाखवलं, ही तू, ही तू, इथं मोकळी जागा.

पहिल्या हाफला दोन गोल बसले, ०-२. पण बाबा, खेळ वेगळा होता, मला पण कळत होता. सेकंड हाफला साधारण दहा मिनिटं राहिली असतील, आमच्या गोलकीपरनं बॉल अडवला, समोरच्या पोरी रेषेमागं गेल्या, आणि तिनं हातानं सरकवत चिऊला दिला. आदल्या दिवशी चिऊनं डोळे मिटून पुढं हाणला असता. ह्या वेळी तिनं पायाखाली थांबवला, मान वर केली, मी बघितलं तिनं मान वर केलेली, आणि उजव्या साइडलाइनला जी एकटी पळत होती तिला दिला. ती पोरगी घेऊन गेली ती गेलीच, आत पास, तिथं आमची सगळ्यात बुटकी पोरगी, तिचा मोजा एक खाली आलेला, तिनं पायाच्या आतल्या बाजूनं नुसता ढकलला. जोरात पण नाही. बॉल ओल्या गवतावरून असा सावकाश आत गेला की गोलकीपर पडली तरी तो जातच होता.

मी किती ओरडले मला माहीत नाही, दुसऱ्या दिवशी घसा बसलेला. तो चिडलेला बाबा माहितीये ना, तो खुर्ची उलटी टाकून पळत गेला आणि डोळे पुसत होता. पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या, रेफ्री हसत थांबला. १-२, तशीच संपली मॅच. गाडीत चिऊ म्हणाली, "आजोबांना सांग, बॉल माझ्यापासून सुरू झाला."

आता तुम्हाला सांगितलं.

अजून एक आहे, ते फोनवर कधी जमलं नसतं म्हणून लिहूनच टाकते. चिऊची कोच सांगत होती की ती सहा वर्षांची असल्यापासून खेळतेय, शाळेची टीम, मग कॉलेजची टीम. इथं १९७२ साली कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलींना खेळातनं वगळायचं नाही, त्यानंतर पोरी जिकडेतिकडे मैदानात उतरल्या, आणि अमेरिकेच्या बायकांनी आत्तापर्यंत चार वर्ल्ड कप जिंकलेत. ती बोलत होती आणि मी मनानं आपल्या ग्राउंडवर गेले होते. दादाची प्रॅक्टिस असायची तेव्हा मी गोलच्या मागं उभी राहून बाहेर गेलेला बॉल आणून द्यायचे ना, तेव्हा मला खूप खेळायचं होतं बाबा. एकदा पावसाळ्यात चप्पल काढून मी चिखलातनं मारला होता, चांगला लांब गेला होता, तुम्ही बघितलात, हसलात पण, आणि मग म्हणालात, "चल आता, आई वाट बघत असेल." मी तक्रार करत नाहीये. तेव्हा तुम्हाला सुचणार तरी कुठून, एक तरी पोरगी होती का तिथं खेळायला, आणि स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या तालमींची मॅच असली तर मला खांद्यावर घेऊन जाणारे पण तुम्हीच होतात, गल्लीत दुसऱ्या कुणाचा बाप पोरीला नेत नव्हता. माझ्यात फुटबॉल आला तो तिथूनच. फक्त तुम्हाला हे माहीत असावं असं वाटलं, आणि चिऊची मॅच म्हटली की माझा जीव एवढा का वरखाली होतो ते पण कळेल.

बरं, कामाचं. दादाच्या मोबाईलवर तिन्ही मॅचचे व्हिडिओ पाठवलेत, त्याला टीव्हीला जोडून द्यायला सांगा. पहिल्या मॅचमधली ती उंच पोरगी, सात नंबरची, नीट बघा. चिऊला तुम्हाला विचारायचंय की तिला अडवायचं कसं, बॉलवर जायचं का मागं सरकत राहायचं. मी म्हटलं मी सांगते तर म्हणाली नको, आजोबाच सांगतील. ऑगस्टअखेर नवीन सीझन सुरू होतोय आणि ती टीम परत समोर येणार आहे.

आई, १० तारखेला वटपौर्णिमा आहे, गुडघा दुखत असेल तर वडाच्या फेऱ्या राहू देत, लांबूनच हात जोड. आणि डोळ्यात थेंब वेळेवर घाला बाबांच्या, त्यांना आठवण केल्याशिवाय ते घालणार नाहीत.

रविवारी तुमच्या रात्री आठला फोन करते, चिऊला उठवूनच बसवते. वही घेऊन बसणार आहे म्हणे.

तुमची,
ताई