पहाटेच्या चढाईत वाटाड्याला दगड कळायला हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की गोव्यात पहाटेच्या चढायांचे बेत सुरू होतात. थायलंडच्या क्राबीला किंवा फिलिपिन्सच्या पालावान बेटावर जाऊन आलेली मंडळी तिथली चुनखडकाची चढाई मनात घेऊन येतात. अंधारात हेडटॉर्च लावून निघायचे, चारी हातापायांनी कडा गाठायचा आणि माथ्यावरून सूर्य उगवताना पाहायचा, हे त्यांना इथेही हवे असते. बेत चांगलाच आहे. पण तिथली रीत तिथल्या दगडातून आलेली आहे आणि गोव्यात चुनखडकाचे असे उभे कडे नाहीत. आपल्या जुन्या घरांचा चुनासुद्धा शिंपले भाजून काढलेला. रीत उचलून आणताना कुठे घात होतो, ते थोडे तपशिलात लिहीत आहोत.

आधी तिथला दगड. पालावानवरच्या एल निडो गावाच्या पाठीशी तरावचा कडा आहे, सुमारे २३० मीटर उंच. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते आणि चुनखडक त्यात हळूहळू विरघळतो. पाऊस भरपूर असल्याने कातळावर उभ्या पन्हळी पडतात आणि दोन पन्हळींच्या मधली कड करवतीच्या पात्यासारखी उरते. हाताला खोबणी पावलोपावली मिळते, म्हणून नवखा माणूसही चढून जातो. मात्र तोल जाऊन हातभर घसरला तरी तळवा आणि नडगी फाटते. तिथे जाड तळव्याचे हातमोजे, पूर्ण लांबीची पँट आणि बंद बूट हवेतच. चपलेवर आलेल्याला पायथ्यावरूनच परत पाठवावे.

याच दगडाची दुसरी खोड अशी की खूप पाय पडलेली जागा काचेसारखी गुळगुळीत होते. हेडटॉर्चच्या उजेडात ती चमकते, आणि नवख्याचा पाय नेमका त्या चमकत्या पायरीवर जातो. चमक दिसली की पाय वीतभर बाजूला, मळकट खरखरीत जागी ठेवायचा. खळग्यांत तांबडी चिकणमाती साचते. ती बुटाला लागून वरच्या टप्प्यावर जाते आणि कोरडा कातळही निसरडा करते, म्हणून उभ्या टप्प्याआधी बूट दगडावर घासून घ्यावेत. वरून लोंबणारे चुन्याचे खांब दिसायला भक्कम असतात, पण आतून तडकलेले असू शकतात. वाटाड्याने बोटांच्या पेरांनी ठोकून पाहावे. भरीव दगड ‘टक्’ वाजतो. पोकळ किंवा सुटलेला दगड भांड्यासारखा घुमतो. घुमला तर त्यावर भार टाकायचा नाही. झाडांवरही तिथे फार विसंबता येत नाही. मूठभर मातीत मुळे रोवलेली असतात आणि माणसाचा झटका बसला की झाड मुळासकट हातात येते.

आता आपला दगड. बराचसा गोवा जांभ्यावर आहे. ज्याचे चिरे काढून आपण घरे बांधतो आणि ज्यात हरवळेची लेणी कोरली आहेत, तो हा दगड. उघड्यावर आला की तो टणक होतो, पण वरच्या कठीण कवचाखाली मऊ, चिकणमातीचा थर असतो. पावसाने किंवा लाटांनी खालचा थर आधी झिजतो आणि वरचे कवच छज्जासारखे पुढे निघून राहते. वरून पाहणाऱ्याला ते कळत नाही. शापोरा, काब द राम अशा जागी सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराच्या, कडेला फोटोसाठी उभे राहणारा माणूस बऱ्याचदा हवेवर तोललेल्या दगडावर उभा असतो. चुनखडकाच्या माथ्यावर कडेवर बसणे एक वेळ चालेल, जांभ्यावर नाही. किमान दोन माणसांच्या उंचीइतके अंतर सोडून उभे राहावे, आणि वाटाड्याने ती जागा आधी बाजूने उतरून, खालून पाहून ठेवलेली असावी. (समुद्राकडे तोंड असलेल्या या कड्यांवरून सूर्योदय पाठीमागे होतो, हेही बेत आखताना बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.)

केप्याकडे पारोड्याचा चंद्रनाथ डोंगर वेगळ्या दगडाचा, ग्रॅनाइटी जातीचा. कोरडा असेल तर हा आपल्याकडचा सर्वांत विश्वासू कातळ. त्यावर पूर्ण तळवा टेकवून, टाच खाली दाबून चालायचे, आणि हातमोजे काढून ठेवायचे. मोज्याने इथली पकड वाढत नाही, कमी होते. सत्तरीच्या ईशान्य टोकाला दख्खनचा बेसाल्ट लागतो. तिथे अडचण उभ्या कातळाची कमी आणि घसाऱ्याची जास्त. वाळलेल्या गवताखाली सुटे दगड असतात. एकामागे एक सरळ रेषेत चढणाऱ्या गटात पहिल्याच्या पायाखालून सुटलेला दगड तिसऱ्या-चौथ्याच्या डोक्यावर येतो. म्हणून तिरके चढावे, वळणावर सगळ्यांनी थांबून गट जवळ घ्यावा, आणि दगड सुटला की सुटणाऱ्याने ‘दगड!’ म्हणून ओरडायचेच. हेल्मेट सर्वांना, वाटाड्यालाही.

या तिन्ही दगडांना पहाटे एकच गोष्ट बिघडवते, ती म्हणजे दव. जानेवारीत महिनाभर पाऊस नसला तरी पहाटे साडेपाचला कातळ आणि गवत चोवीस तासांतले सर्वांत ओले असू शकतात. दुपारी चारला वाट पाहून ‘कोरडी आहे’ म्हणणाऱ्या वाटाड्याने तीच वाट पहाटेच्या वेळी एकदा चालून पाहावी. ग्रॅनाइटवरचे काळे-करडे दगडफूल दवाने भिजले की साबणासारखे होते. जांभ्याच्या खळग्यांतले शेवाळ तर सावलीच्या बाजूला दिवाळीनंतरही टिकून असते. तळव्याने कातळ चाचपावा. हाताला ओल लागली तर त्या टप्प्यावर दोर लावावा, आणि दोर नसेल तर टप्प्याखालच्या सपाटीवरूनच सूर्योदय पाहावा.

वेळेचा हिशेब उलटा मांडायचा असतो. पणजीत जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीच्या अखेरीस सात वाजून गेल्यावर. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, त्यामुळे झुंजुमुंजू फार वेळ टिकत नाही. दगड टॉर्चशिवाय दिसू लागतो तो सूर्योदयाआधी जेमतेम २० ते २२ मिनिटे. आणि पूर्वेला सह्याद्रीची भिंत असल्याने पंचांगातल्या वेळेनंतर काही मिनिटांनीच बिंब दिसते. दरीत धुके असेल तर आणखी उशिरा. समजा सूर्योदय ७.०८ ला आहे, चढ अडीचशे मीटरचा आहे आणि गटात बारा जण आहेत. माथ्यावर ६.४० ला पोचायचे, चढायला सव्वा तास, पायथ्याशी हेल्मेट-हार्नेस तपासायला आणि सूचना द्यायला २० मिनिटे. म्हणजे सगळे ५.०५ ला पायथ्याशी हवेत. यात एकच दोराचा टप्पा असला तर माणशी चार मिनिटे धरून ४८ मिनिटे त्या टप्प्यावरच जातात आणि सव्वा तासाचा हिशेब कोलमडतो. घाई होते ती इथून. मग दोन माणसे एकाच दोराला लटकतात, वरच्याने दिलेला हिसका खालच्याला भिंतीपासून उचलतो. बारा जणांचा गट मुळात अशा वाटेवर नेऊच नये. उभ्या टप्प्यावर एका वाटाड्यामागे चार, फार तर पाच जण, आणि शेवटी चालणारा बॅकलीड वेगळा.

उतरणे हा खरा भाग आहे. त्याकडे लक्ष कमी जाते, कारण सूर्य पाहून झालेला असतो. पाय थकलेले असतात, पोटात काही नसते, आणि अंधारात न दिसलेली खोली आता समोर उघडी असते. चढताना ज्याला काही वाटले नाही त्यालाच उतरताना दृष्टिभय गाठते. पावलागणिक खाली बघणाऱ्या माणसाला तोंड भिंतीकडे करून उतरवावे, आणि वाटाड्याने खालून त्याचा पाय हाताने धरून खोबणीत टेकवावा. हातपाय चार, त्यातले तीन नेहमी टेकलेले. एका वेळी एकच हलवायचा. माथ्यावर सूर्योदयानंतर अर्ध्या तासाहून जास्त थांबू नये, कारण नऊनंतर पूर्वेकडचा कातळ तापतो, घामाने हात सुटतात आणि पाणी संपते. माणशी दीड ते दोन लिटर पाणी, ओआरएसचे पाकीट, आणि निघण्यापूर्वी केळे किंवा शेंगदाणा-गूळ एवढे पोटात असावे. हेडटॉर्च २०० ल्युमेनचा पुरतो. जास्त प्रखर घेण्यापेक्षा जादा सेल घ्यावेत. गटासाठी दोन टॉर्च वेगळे ठेवावेत.

दोराबद्दलही दगडागणिक नियम बदलतो. चुनखडकाची कड दोर कापते, म्हणून कडेवर जुन्या होजपाइपचा तुकडा किंवा जाड कॅनव्हास घालतात. जांभ्यावर उलटे घडते. दोर दगडालाच खाचतो आणि त्याची तांबडी कणी दोराच्या आत शिरून धागे आतून कातरते. जांभ्यावर वापरलेला दोर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा आणि वीतभर वीतभर बोटांनी चाचपून पाहावा. मधे पोकळ किंवा मऊ लागला तर तिथून कापून टाकावा.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती हार्डवेअरच्या दुकानातून आणून कातळात ठोकलेल्या अँकर फास्टनरची, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टची. भिंतीला एसी टांगायला तो ठीक आहे. जांभा सच्छिद्र असल्याने फास्टनर फुगताना भोवतालचा दगडच चुरतो आणि झटका बसला की खिळा दगडासकट बाहेर येतो. समुद्राजवळ आणखी एक धोका आहे, आणि तो क्राबीच्या रायली-तोनसाई किनाऱ्यावर सगळ्या जगाने पाहिला. तिथे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वरून चकचकीत असताना आतून तडकत गेले आणि काही वर्षांतच तुटू लागले, कारण खारी हवा, उष्णता आणि ताण एकत्र आले की स्टीलला सूक्ष्म भेगा पडतात. शेवटी तिथे टायटॅनियमचे बोल्ट रेझिनने चिकटवून बसवण्याची रीत आली. आपल्या किनाऱ्यावर तीच खारी हवा आहे. चमकतो म्हणजे पक्का, असे समजून कुणीतरी ठोकून ठेवलेल्या बोल्टला माणूस अडकवू नये.

जीवजंतूंचेही सांगायला हवे. आग्या मोहोळाच्या माश्या रात्री दिव्याकडे येतात, म्हणून पोळे असलेल्या कड्यावर टॉर्चचा झोत टाकू नये, ड्रोन उडवू नये, अत्तर लावून येऊ नये. पोळे कुठे आहे ते आदल्या दिवशी उजेडात पाहून वाट ठरवावी. हल्ला झाला तर तोंड-मान झाकून तिथून दूर जायचे, माश्या चिरडायच्या नाहीत, आणि काटा नखाने खरवडून लगेच काढायचा. सड्यावर दगडाखाली फुरसे असते. न पाहता कपारीत बोटे घालायची नाहीत. सत्तरीत डिसेंबर ते मे हा माकडतापाच्या गोचिडांचा काळ, आणि पहाटेच्या चढायांचा हंगामही तोच. पूर्ण बाह्या, मोज्यात खोचलेली पँट, पाचोळ्यावर बसणे टाळणे आणि घरी गेल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून अंग तपासणे एवढे प्रत्येकाला आधीच सांगितले पाहिजे. पुढच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना ‘सत्तरीच्या रानात गेलो होतो’ हे वाक्य आवर्जून सांगावे.

आमची सूचना सरकारच्या पर्यटन खात्यासाठी आहे. गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा १९८२ पासून आहे आणि टुरिस्ट गाइडची नोंदणी त्याखाली होते. शेजारच्या महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. आपल्याकडे डोंगरावर नेणाऱ्यांची नोंदणी वाटेनुसार व्हावी. चंद्रनाथ नेणाऱ्याला आपोआप सत्तरीचा परवाना मिळू नये. परीक्षा कागदावर न घेता त्या वाटेवर, पहाटे, दवात घ्यावी: कातळ ठोकून दाखवणे, दोर बांधून दाखवणे, घाबरलेल्या माणसाला तोंड भिंतीकडे करून उतरवणे, आणि जखमी माणूस गाडीपर्यंत किती वेळात पोचेल ते सांगणे. अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याची परवानगी तर लागतेच. वाटेचा नकाशा, गटातली नावे आणि परतण्याची वेळ त्याच अर्जावर लिहून घेता येईल, आणि त्या वेळेनंतर अर्ध्या तासात परतल्याचा फोन आला नाही तर जवळच्या चौकीवरून शोधाला माणूस निघेल.

वाचकांनी पैसे भरण्याआधी वाटाड्याला विचारावे की दगड कोणता, उभे टप्पे किती, माझ्यासोबत चढणारे किती, पाऊस किंवा दव असेल तर कुठून परत फिरणार, आणि १०८ ची गाडी कुठवर येते. यातल्या शेवटच्या प्रश्नाला ‘बघू’ असे उत्तर आले तर त्या पहाटे घरीच राहावे.

आपले,
डोंगरवाटा चालणारे आणि चालायला शिकवणारे काही जण
केपे, गोवा