दार उघडं ठेवलंत, सिस्टर

आदरणीय सिस्टर,

हे पत्र तुम्हालाच आहे, तरी तुमचं किंवा तुमच्या व्यसनमुक्ती केंद्राचं नाव त्यात घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण सर्वांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण महासाथीत तुम्ही जे काम केलंत ते बाहेर कुणी पाहिलंच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं ११ मार्च २०२० रोजी कोविडला महासाथ म्हटलं आणि जे जे पुढं ढकलता येईल ते सगळं ढकललं गेलं. त्यात व्यसनाचे उपचारही गेले. बाहेरच्यांना वाटत होतं, दारू काय, नंतरही सोडता येईल. भीती खोटी नव्हती. एका छताखाली इतकी माणसं, सामाईक न्हाणीघर, एकत्र जेवण, गोल बसून तासन्‌तास बोलणं; विषाणूला आणखी काय हवं? त्यातून कुणाचं यकृत खराब, कुणाची फुप्फुसं सिगारेटनं पोखरलेली. तुम्ही कुलूप लावलं असतंत तर कुणी बोट दाखवलं नसतं.

आमच्या दादाला त्याच दिवसांत दारू मिळेनाशी झाली. दुकानं बंद झाली म्हणून घरात सगळ्यांना हायसं वाटलं होतं. मी फोन केला तेव्हा तुमचा पहिला प्रश्न होता, "शेवटचा पेग कधी घेतला?" दुसरा, "याआधी कधी फिट आली होती का?" रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की ६ तासांपासून हात थरथरू लागतात, ४८ तासांच्या आत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, ताप, नसलेली माणसं दिसणं सुरू होऊ शकतं. उपचार नसतील तर यात माणूस जातो. हे तुम्ही मला फोनवर समजावून सांगितलंत, तेही न घाबरवता. ज्याला आम्ही सुटका समजत होतो तोच खरा धोक्याचा काळ होता.

दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला दारातूनच परत पाठवलं होतं. दादाला ताप होता, घाम फुटत होता, छाती धडधडत होती. आधी कोरोनाचा रिपोर्ट आणा, मग बघू, म्हणाले. दारू तुटल्याची लक्षणं आणि कोविडची लक्षणं किती सारखी दिसतात, हे मला तिथं कळलं. तुम्ही या दोन्हींतलं एक निवडत बसला नाहीत. दादाला वेगळ्या खोलीत ठेवलंत, स्वॅब घेतलात आणि त्याच वेळी डॉक्टरांकडून औषधं सुरू करून घेतलीत: थायमिनचं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, आणि थरथर व फिट रोखणारं, हळूहळू कमी करत न्यायचं डायझेपाम. पीपीई किट घालून रात्रभर त्याची नाडी आणि रक्तदाब तपासत राहिलात. रिपोर्ट निगेटिव्ह आला तोवर सगळ्यात वाईट तास उलटून गेले होते. त्या रात्रीसाठी आमचं घर तुमचं ऋणी आहे.

पण हे पत्र फक्त दादासाठी नाही. केंद्र सुरक्षित ठेवणं म्हणजे नेमकं काय, ते मी त्यानंतर जवळून पाहिलं, आणि बातम्यांत ते कधी आलं नाही. साधी सॅनिटायझरची गोष्ट घ्या. इतरत्र प्रत्येक दारात बाटली ठेवायची होती. व्यसनमुक्ती केंद्रात ती ठेवणं म्हणजे ६० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल हाताशी ठेवणं, आणि तलफेच्या भरात माणूस तेही पितो. शिवाय डायसल्फिरामच्या, म्हणजे दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना सॅनिटायझरचाही त्रास होऊ शकतो. तुम्ही बाटल्या कर्मचाऱ्यांच्या खिशात ठेवल्यात आणि रुग्णांसाठी जिथं तिथं साबण आणि पाणी. नव्यानं दाखल झालेल्यांना काही दिवस वेगळं ठेवलंत. कर्मचाऱ्यांच्या तुकड्या पाडल्यात आणि त्या एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत, म्हणजे एका तुकडीत लागण झाली तरी दुसरी उभी राहील. एकच सिगारेट दोघांनी ओढायची नाही, हा नियम पाळून घेताना तुम्हाला सर्वांत जास्त भांडावं लागलं असेल, असं दादा म्हणतो.

आणि शेअरिंग, म्हणजे गटात गोल बसून मन मोकळं करणं. ते बंद केलं असतंत तर केंद्र उघडं असूनही उपचार निम्मेच राहिले असते, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही गट लहान केलेत, खुर्च्या उघड्यावर नेल्यात, अंतर राखलंत. मास्कमुळे समोरच्याचे ओठ दिसत नव्हते, म्हणून समुपदेशक दर थोड्या वेळानं थांबून विचारायचे, "आता मनात काय चाललंय?" दादा सांगतो, चेहरा झाकलेला असल्यामुळे काही जण उलट जास्त मोकळे झाले. आम्हाला भेटायला येता येत नव्हतं तेव्हा तुम्ही स्वतःच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून द्यायचात.

जे अफू-हेरॉइनसारख्या नशेवरच्या उपचारासाठी रोज येऊन तुमच्यासमोर ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवत, त्यांचं काय, हा प्रश्न सर्वांत अवघड होता. रोज बोलवावं तर संसर्ग, एकदम गोळ्या द्याव्यात तर गैरवापर. अमेरिकेत मार्च २०२० मध्ये सरकारनं स्थिर रुग्णांना २८ दिवसांपर्यंतचं मेथाडोन, म्हणजे तसंच दुसरं औषध, घरी न्यायची मुभा दिली, ते मी नंतर वाचलं. तुम्ही आणि डॉक्टरांनी एकेका रुग्णाचा वेगळा विचार केलात: कुणाला किती दिवसांच्या गोळ्या द्यायच्या, त्या घरी कुणाच्या ताब्यात राहतील, कुणाला अजून रोज बोलवावंच लागेल. ज्यांना गोळ्या घरी दिल्या त्यांना फोन करणं कधी चुकवलं नाहीत. उपचार तुटलेला माणूस पुन्हा जुन्याच डोसकडे वळला तर शरीराची तेवढी सवय गेलेली असते आणि जीव जातो. मे २०२० ते एप्रिल २०२१ या काळात अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिसेवनानं १ लाखाहून अधिक माणसं मेल्याचा अंदाज तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं दिला. हा आकडा वाचला तेव्हा मला तुमचे ते फोन आठवले.

लागण तुमच्याकडेही झालीच. तुम्ही ती लपवली नाहीत. त्याच दिवशी सगळ्या कुटुंबांना कळवलंत, नवे रुग्ण दाखल करणं थोडे दिवस थांबवलंत आणि मग पुन्हा सुरू केलंत. तुमच्यावरचा आमचा विश्वास त्या फोननं वाढला. स्वयंपाकघरातल्या मावशी, सफाई करणारे दादा, रात्रपाळीचे वॉचमन यांनाही हे पत्र वाचून दाखवा. त्यांच्यातलं कुणीही घरी बसलं असतं तर केंद्र चाललं नसतं.

दादा आता दारूपासून दूर आहे, व्यसन सोडलेल्यांच्या मीटिंगला जातो. तुम्हाला तो स्वतः वेगळं पत्र लिहिणार आहे.

माझी एक विनंती आहे. त्या काळात तुम्ही एका वहीत नियम लिहून ठेवत होतात: कोणाला कुठं ठेवायचं, कोणती तुकडी कधी, काय चुकलं, काय बदललं. ती वही रद्दीत जाऊ देऊ नका. पुढची साथ येईल तेव्हा व्यसनमुक्ती केंद्रं अत्यावश्यक सेवांच्या यादीत पहिल्या दिवसापासून असायला हवीत, आणि ती कशी चालवायची हे त्या वहीत आहे. इतर केंद्रांना ती पाठवायची असेल तर टाइप करून द्यायचं काम माझं. कधी येऊ, तेवढं कळवा.

तुमची ऋणी,
एका रुग्णाची बहीण