‘कोणतेही चांगले तेल’ म्हणजे नेमके कोणते?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत पेट्रोलवर उडणाऱ्या मॉडेल विमानांवर आलेला लेख आवडीने वाचला. या छंदाकडे नव्याने वळणाऱ्यांना तो उपयोगी पडेल यात शंका नाही. मात्र ‘पेट्रोलमध्ये कोणतेही चांगले टू-स्ट्रोक ऑइल मिसळावे’ हे त्यातील एक वाक्य मला खटकले. चांगले म्हणजे कशासाठी चांगले, हे सांगितल्याशिवाय या वाक्याला काही अर्थ राहत नाही, आणि नवखा माणूस फसतो तो नेमका इथेच. मी स्वतः फसलो आहे, म्हणून हे पत्र.

माझ्या मॉडेल हेलिकॉप्टरला २६ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन आहे. अशा इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच. सुरुवातीला बोटीच्या इंजिनासाठी आणलेले तेल हाताशी होते. ते नावाजलेले होते, स्वस्तही नव्हते, म्हणून बिनदिक्कत तेच वापरले. काही दिवस सारे सुरळीत चालले. मग इंजिन सुरू करताना दोरी नेहमीपेक्षा हलकी लागू लागली आणि एका जागी तरंगत ठेवलेले हेलिकॉप्टर वर उचलताना इंजिन दमू लागले. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या खिडकीतून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर पिस्टनभोवतीच्या रिंगच्या खाली त्याच्या अंगावर लाखेसारखा तपकिरी, चकचकीत थर चढलेला दिसला. आगकाडीच्या टोकाने रिंग दाबून पाहिली, पण ती खाचेत तसूभरही हलली नाही. रिंग अशी चिकटली की जळता वायू तिच्या बाजूने खाली निसटतो, पिस्टन आणखी तापतो आणि थर आणखी घट्ट बसतो.

दोष तेलाच्या दर्जाचा नव्हता, माझ्या निवडीचा होता. त्या डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ असे लिहिलेले होते. हे मानक अमेरिकेतील नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचे असून ते बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या, पाण्याने थंड राहणाऱ्या आउटबोर्ड इंजिनांसाठी आहे. तिथे सिलिंडरभोवती पाणी खेळत असल्याने तापमान आटोक्यात राहते, म्हणून त्या तेलात राख न सोडणारी डिटर्जंट द्रव्ये वापरतात, आणि बोटीसाठी ती पुरतात. वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनाच्या उष्णतेत मात्र ती कमी पडतात. काही मित्र हेच तेल वर्षानुवर्षे विमानात वापरतात आणि त्यांचे काही बिघडलेले नाही, हेही मी मान्य करतो; हलक्या हाताने उडवलेल्या विमानात ते खपून जाते, एवढेच त्यातून सिद्ध होते.

डब्यावर पाहायचे ते जपानच्या ‘जासो’ मानकाचे अक्षर. एफबी, एफसी आणि एफडी अशा त्याच्या चढत्या श्रेणी आहेत. तेल किती वंगण देते, पिस्टन किती स्वच्छ ठेवते, धूर किती करते आणि एक्झॉस्टचा मार्ग किती बुजवते, हे एका ठरावीक संदर्भ-तेलाशी ताडून या श्रेणी दिल्या जातात. पुष्कळांची समजूत असते की एफडी तेल एफसीपेक्षा जास्त निसरडे असते. तसे नाही. वंगण आणि धूर या बाबतीत दोघांच्या अटी सारख्याच आहेत. एफडीची अट कडक आहे ती पिस्टनच्या स्वच्छतेबाबत. ज्यांनी चिकटलेली रिंग पाहिली आहे त्यांना हा फरक किती मोलाचा ते वेगळे सांगायला नको. म्हणून माझे मत असे की, हेलिकॉप्टरसाठी एफडीपेक्षा खालचे तेल घेऊ नये. विमानाला एफसी चालते, पण दोन्ही सहज मिळत असतील तर तिथेही एफडीच का घेऊ नये?

हेलिकॉप्टर आणि विमान यांत हा भेद मी मुद्दाम करतो. विमानाच्या इंजिनावर पंख्याचा झोत आणि वेगाचा वारा असे दोन्ही मिळतात, शिवाय उतरताना थ्रॉटल मिटल्यावर त्याला विसावा मिळतो. हेलिकॉप्टरचे इंजिन आवरणाच्या आत बंदिस्त असते, त्याची सारी भिस्त लहानशा कूलिंग फॅनवर असते, आणि रोटरचे फेरे कायम राखायचे असल्याने ते उड्डाणभर जवळजवळ एकाच चढ्या गतीने फिरत राहते. एका जागी तरंगताना तर समोरून येणारा वाराही नसतो.

मेथेनॉलच्या इंधनावर चालणाऱ्या लहान ग्लो इंजिनांवर हात बसलेल्या जुन्या मंडळींना एरंडेलाचा मोह सुटत नाही. त्यांचा अनुभव खोटा नाही. ग्लो इंधनातील मेथेनॉलमध्ये एरंडेल छान विरघळते, तिथे तेलाचे प्रमाणही १५ ते २० टक्के असते आणि प्रचंड तापलेल्या धातूवरही एरंडेलाचा पापुद्रा टिकून राहतो. पेट्रोलशी मात्र त्याचे सूत जमत नाही. थंडीत तर ते वेगळे होऊन तळाला बसते. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या रोटरी इंजिनांत एरंडेल वापरत, त्यामागे ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही हेही एक कारण होते. तिथला हा गुण आपल्या इंजिनात अवगुण ठरतो, कारण आपल्याकडे तेल पेट्रोलबरोबरच क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीत, पोहोचायचे असते. त्यात एरंडेल जळून जो राळेसारखा लेप बसतो, तो काढताना बोटांची सालटी निघतात. उलट, ग्लो इंजिनात पेट्रोलचे खनिज टू-स्ट्रोक तेल घालण्याचा उपद्व्यापही कोणी करू नये. ते मेथेनॉलमध्ये विरघळतच नाही.

शर्यतीच्या मोटरसायकलींसाठी बनवलेले महागडे सिंथेटिक तेलही डोळे झाकून घेऊ नये. त्यांतील काहींचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे तेलाची वाफ पेट घेऊ लागते ते तापमान, बराच वरचा असतो. सतत पूर्ण ताकदीने पळणाऱ्या इंजिनात ती उत्तम जळतात. पण ज्याचा बराच वेळ अर्ध्या थ्रॉटलवर जातो अशा विमानात ती अर्धवट जळतात, सायलेन्सरमधून काळा ओघळ पंखाखाली पसरतो आणि प्लग ओला होतो. चार-स्ट्रोक इंजिनाच्या तेलाचा तर विचारही नको. त्यातील धातुयुक्त द्रव्यांची राख प्लगवर आणि पिस्टनच्या माथ्यावर साठते.

प्रमाणाबाबत इंजिनाच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल ते प्रमाण मानावे. सामान्यतः ते २५:१ ते ५०:१ यांच्या दरम्यान असते. ५ लिटर पेट्रोलला ५०:१ साठी १०० मिलिलिटर, ४०:१ साठी १२५, ३२:१ साठी साधारण १५६ आणि २५:१ साठी २०० मिलिलिटर तेल लागते. हे सिरिंजने किंवा खुणांच्या भांड्याने मोजावे. बुचाने मोजणारे पुष्कळ पाहिले, आणि त्यांच्या इंजिनांचे नखरेही पाहिले. ‘थोडे तेल जास्त पडले तर बरेच’ हा समज अर्धाच खरा आहे. ५०:१ वरून २५:१ वर गेलात तर कार्ब्युरेटरमधून जाणाऱ्या तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल सुमारे २ टक्क्यांनी कमी होते, शिवाय मिश्रण किंचित दाट झाल्याने इंधनाचा प्रवाह ठरवणाऱ्या कार्ब्युरेटरच्या सुईतून कमी वाहते. म्हणजे तेल वाढवले म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाचे इंजिन प्रत्यक्षात लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालून अधिक तापते. प्रमाण बदलले की सुई पुन्हा लावलीच पाहिजे, आणि तीही इंजिन पुरते गरम झाल्यावर.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलबद्दल लेखात एक अक्षरही नव्हते. असे पेट्रोल हवेतील ओल शोषते, आणि ओल फार झाली की इथेनॉल व पाणी एकत्र येऊन तळाशी वेगळा थर धरतात. तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीतील क्लंक, म्हणजे इंधन ओढणाऱ्या नळीचे जड टोक, वजनाने नेमका तळाशी लोंबत असल्याने इंजिनाच्या वाट्याला आधी तो बिनतेलाचा थर येतो. म्हणून मिश्रण थोडे थोडे करावे, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावे आणि उडवण्याचा मोसम संपला की टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावेत.

बहुतेक टू-स्ट्रोक तेलांना निळा, हिरवा किंवा लाल रंग दिलेला असतो, तो मिसळलेले आणि कोरे पेट्रोल वेगळे ओळखता यावे म्हणून. कोऱ्या पेट्रोलवर अशा इंजिनाचा पिस्टन जाम व्हायला काही मिनिटेही पुरतात. मी वापरतो ते तेल निळे आहे. मैदानावर टाकी भरण्याआधी काचेच्या लहान बाटलीत थोडे इंधन घेऊन उजेडासमोर धरतो, आणि निळसर झाक दिसली नाही तर तो डबा तसाच परत गाडीत ठेवतो.

आपला विश्वासू,
एक वाचक