रात्रीच्या बैठका आणि तुझी प्रकृती

कोल्हापूर

चि. मृणाल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू न्हाणीघरात चक्कर येऊन पडलीस, हे दादाचा फोन येईपर्यंत आम्हाला ठाऊकही नव्हते. हिमोग्लोबिन आठवर आले आहे, एवढे त्याच्याकडून कळले. बाकीचे तू सांगशील म्हणून थांबलो, पण तुझ्या फोनवर निम्मा वेळ इंटरनेट-पत्त्यांच्या धोरणाच्या मसुद्याचीच चर्चा झाली. प्रकृतीचा विषय काढणार नाही असे आईला कबूल केले आहे, म्हणून कामाविषयीच लिहितो.

नोव्हेंबर २०१६ मध्ये तू आयकॅन या इंटरनेटची नावे-क्रमांक सांभाळणाऱ्या जागतिक संस्थेच्या हैदराबादच्या बैठकीला गेलीस, तेव्हा इंटरनेटच्या नावांच्या आणि क्रमांकांच्या मूळ नोंदवहीवरची अमेरिकी सरकारची देखरेख संपून जेमतेम महिना झाला होता. आठ तारखेच्या रात्री नोटा बंद झाल्या, तुझ्या पर्समध्ये पाचशेच्याच नोटा होत्या, आणि तू मात्र मला सांगत होतीस की सरकारांचे प्रतिनिधी, कंपन्या आणि तुझ्यासारखे अभियंते तिथे एकाच माइकपुढे रांगेत उभे राहतात. जेवलीस का, असे मी परत परत विचारत होतो.

इंटरनेटवरच्या यंत्रांना लागणारे क्रमांक, म्हणजे आयपीव्ही-४चे पत्ते, सगळे मिळून सुमारे ४३० कोटी, त्यात एप्रिल २०११ मध्येच आशिया-पॅसिफिक भागात ते वाटणाऱ्या एपनिक संस्थेचा साठा शेवटच्या गठ्ठ्यावर आलेला. म्हणून २०१९ मध्ये सभासदामागची मर्यादा १०२४ वरून ५१२ पत्त्यांवर आणली, तेव्हा गडहिंग्लजच्या एखाद्या केबलवाल्यालाही उद्या आपले पत्ते मिळाले पाहिजेत, असे तू दिवाळीत केवढ्या तळमळीने समजावले होतेस. एपनिकच्या बैठकीत मतदान होत नाही, हरकत घेणाऱ्याचे म्हणणे पुरते ऐकून सहमती करावी लागते, आणि ते काम तुला जमते, याचा मला फार अभिमान वाटतो. पण त्याच दिवाळीत अंबाबाईच्या काकडआरतीची वेळ झाली तरी तुझ्या खोलीतला दिवा जळत होता, आणि सकाळी चहाचा कप धरताना तुझा हात कापत होता, तोही मी पाहिला.

जॉन पोस्टेल यांची गोष्ट तूच सांगितलीस. क्रमांकांची नोंदवही वर्षानुवर्षे सांभाळणारा तो माणूस ऑक्टोबर १९९८ मध्ये हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर गेला, अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी. आणि ती नोंदवही पुढे आयकॅनने चालवली, ती बंद पडली नाही. एक वाट तुटली तर माहितीची पाकिटे दुसऱ्या वाटेने जातात, अशीच तुमच्या जाळ्याची रचना आहे ना? मग रात्री अडीचच्या बैठकीला प्रत्येक वेळी तूच का बसायचे? नानांनाही सगळे असेच सांगत होते, आणि त्यांनी ऐकले नाही. झोप, वेळेवर जेवण, लोहाच्या गोळ्या यांत हयगय करणाऱ्याने दुसऱ्यांची जबाबदारी घेऊ नये.

हे कठोर झाले, बाळ. राग मानू नकोस. तू काम सोडावेस असे मला मुळीच म्हणायचे नाही. इचलकरंजीपासून आजऱ्यापर्यंतच्या लहान जोडणीवाल्यांची बाजू त्या बैठकीत मांडणारे कोणी हवेच, आणि ते तू असावेस. त्यासाठीच तू धडधाकट राहायला हवीस.

आई शुक्रवारी कोयना एक्स्प्रेसने निघते आहे, सोबत आळिवाचे लाडू आहेत. स्टेशनवर दादा येईल, तू येऊ नकोस. रक्ताचा नवा रिपोर्ट त्याला नव्हे, मला पाठव. आणि आई तिथे असेपर्यंत तरी रात्रीच्या बैठका सहअध्यक्षांकडे सोपव.

तुझे,
बाबा