राजाराम बंधारा ४३ फुटांवर, पण आपला उंबरा किती फुटांवर?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असते. पण हे आकडे पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या पट्टीचे. आपल्या गल्लीत पाणी कधी शिरणार, ते त्यावरून थेट कळत नाही. सुतारवाडा आधी रिकामा करावा लागतो, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीची वेळ वेगळी. प्रत्येक घराला स्वतःचा आकडा हवा.

तो काढणे अवघड नाही. २०२१ मध्ये पंचगंगा ५६ फुटांवर गेली. तेव्हाच्या पाण्याची भिंतीवरची खूण उंबऱ्यापासून ३ फूट वर असेल, तर उंबऱ्याला पाणी ५३ फुटांना लागते. बहुतेकांची चूक होते ती यापुढे. निघायचा आकडा घराचा नसतो, रस्त्याचा असतो. गल्लीच्या तोंडाचा सखल भाग उंबऱ्यापेक्षा अडीच फूट खाली असेल, तर वाट साडेपन्नासलाच बंद. शिवाय पुराचे पाणी सगळीकडे एका सपाटीत नसते. नदी फुगली की शहरातून वाहणाऱ्या जयंती नाल्याचे पाणी मागे तुंबते आणि आधी गटारीतून, संडासातून वर येते. त्यासाठी आणखी दीड फूट सोडा. आकडा आला ४९.

आता वेळ. समजा, सकाळी आठला पातळी ४५ आणि दुपारी दोनला साडेसेहेचाळीस, म्हणजे तासाला ३ इंच. ४९ गाठायला अजून दहा तास, अर्थात रात्रीचे बारा. तेव्हा निघायचे ते दिवस मावळायच्या आत. नदीच्या वरच्या अंगाच्या राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरले की कुणाला न विचारता उघडतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी. दरवाजा उघडल्याची बातमी आली की हिशेब पुन्हा मांडायचा. शिरोळकरांना मात्र हे गणित लागू नाही, तिथे कृष्णेची पातळी पाहावी लागते.

निघताना मेन स्विच सगळेच बंद करतात, इन्व्हर्टर विसरतात. बाहेरची वीज गेली तरी तो घरात करंट देतच राहतो. तोही बंद करून बॅटरी उंचावर ठेवा. सिलिंडर पाण्यात तरंगतो, मग रेग्युलेटरची नळी ताणून तुटते. रेग्युलेटर काढा, टोपी लावा, सिलिंडर उभा ठेवून खिडकीच्या गजाला बांधा. जनावरे माणसांच्या आधी हलवा. घोट्याएवढ्या पाण्यातून म्हैस चालते, वाहत्या पाण्यात बुजते. अगदीच वेळ नसेल तर निदान दावी सोडा.

पाणी वाहणाऱ्या बंधाऱ्यावरून गाडी घालणारे दरवर्षी दिसतात. वीतभर वाहते पाणी माणसाचा पाय उचलते, दोन फुटांत चारचाकी वाहून जाते, आणि गढूळ पाण्याखाली बंधाऱ्याची कड कुठे संपली ते दिसत नाही. बोटीतही घाई नको. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली, त्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. बसून राहा, एका कडेला गर्दी करू नका, जॅकेटचे पट्टे आवळा.

पाणी ओसरल्यावर वायरमनने तपासल्याशिवाय बटणाला हात नको. पिण्याचे पाणी उकळूनच. चिखल काढताना गमबूट घाला. पायाला जखम असेल आणि पुढच्या महिनाभरात ताप आला, तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरल्याचे आवर्जून सांगा, लेप्टोचा (उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या जंतूंच्या तापाचा) संशय त्यावरूनच येतो.

महापालिकेने प्रत्येक पूरग्रस्त गल्लीच्या तोंडाला विजेच्या खांबावर 'राजाराम बंधारा इतके फूट, तेव्हा इथे पाणी' असा रंगीत पट्टा मारावा. खर्च रंगाच्या डब्याचा. आणि आपल्या दैनिकाने रोजच्या पातळीशेजारी गेल्या सहा तासांतली वाढही छापावी, ही विनंती.

– एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर