‘कव्हर’ म्हणून दिलेलं औषध : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
स.न.वि.वि.

मोठ्या रुग्णालयांत अँटिबायोटिकच्या वापरावर देखरेख करणारी समिती नेमू, दर तीन महिन्यांनी आकडे जाहीर करू, असं आपण सभागृहात सांगितलंत. त्याला 2 वर्षं झाली. गेल्या सोमवारी मी आकडे मागायला गेलो. समिती आहे, दारावर पाटीही आहे. आकडे नाहीत. “किती औषध खपलं ते स्टोअरला विचारा,” तिथले लोक म्हणाले.

आता माझं ऐका. आईचं हर्नियाचं साधं ऑपरेशन, जखम स्वच्छ. अशा वेळी अँटिबायोटिक द्यायचंच तर चिरा देण्याआधी, आणि 24 तासांच्या आत बंद. आईला 8 दिवस शिरेतून अँटिबायोटिक. का? “कव्हर म्हणून.” (काय झाकायचं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.) मग ताप आला, औषध बदललं. उतरेना, मग मेरोपेनेम, आणखी जबर अँटिबायोटिक. कल्चर (जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल, ही लॅबची तपासणी) पाठवलं ते या तिसऱ्या औषधानंतर. रिपोर्ट आला : क्लेबसिएला नावाचा जंतू, जवळजवळ सगळ्या औषधांना रेझिस्टंट, म्हणजे दाद न देणारा. मग कोलिस्टिन, शेवटचा उपाय, पण किडनीला घातक. जंतू गेले, किडन्याही गेल्या. आयसीयूबाहेर रात्री तीनला मी कागदांवर सह्या करत होतो. “हे औषध आज अजून हवंय का?” एवढा एक प्रश्न एकाही कागदावर नव्हता. 48 ते 72 तासांनी कुणीतरी थांबून तेवढंच विचारायचं असतं. त्याला मशीन लागत नाही, मंत्रीही लागत नाही.

मोजणी तरी कुठे अवघड आहे? 1000 रुग्ण-दिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल, तो एक रुग्ण-दिवस) अँटिबायोटिकचे दिवस किती, पहिल्या डोसआधी कल्चर किती जणांचं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 मध्येच अँटिबायोटिकचे ॲक्सेस (आधी वापरायची नेहमीची), वॉच (जपून वापरायची), रिझर्व्ह (शेवटचा उपाय म्हणून राखायची) असे गट पाडून दिलेत. 2030 पर्यंत जगातला किमान 70 टक्के अँटिबायोटिक वापर ॲक्सेस गटातला असावा, असं 2024 साली संयुक्त राष्ट्रांत ठरलं. आपणही टाळ्या वाजवल्या असतीलच. कशाचे 70 टक्के, साहेब? एकूण किती तेच माहीत नसताना टक्का कसा काढतात, मला शिकवा.

2019 मध्ये रेझिस्टंट जंतूंनी जगात 12 लाख 70 हजार बळी घेतले असा अंदाज आहे. दिवसाला साडेतीन हजारांच्या आसपास. भागाकार मोबाइलवर केलाय, चुकला असेल तर आपल्या खात्यानं दुरुस्त करावा, मोजायची सवय तरी लागेल.

डॉक्टरांना मी शिव्या देणार नाही. रात्रपाळीचा पोरगा अख्खा वॉर्ड एकटा सांभाळतो, मायक्रोबायॉलॉजिस्टची खुर्ची रिकामी, रविवारी लॅब बंद. औषध का दिलं, हे त्याला कुणी विचारत नाही. का दिलं नाही, हे मात्र सगळे विचारतात. तो मोठं औषध लिहून मोकळा होतो. आणि आपण? आपल्याला फीत कापायला इमारत लागते. थांबवलेल्या औषधाचं उद्घाटन कसं करणार! खाटा मोजता, टाइल्स मोजता, कोनशिलेवरची नावं तर दोनदा मोजता.

माझ्या मागण्या लिहायच्या होत्या, त्या राहिल्याच. पहिल्या तिमाहीचे आकडे द्या, आणि रविवारी लॅब उघडा. बाकीच्या नंतर. हे डायलिसिसच्या बाकावर बसून लिहितोय. आईचे चार तास संपत आलेत, सिस्टर हाक मारतायत.

आपला,
एका पेशंटचा मुलगा