टेम्प्लेटला पॅरामीटर थेट द्या की!

संपादक साहेब, तुमच्या टेक पुरवणीत वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर) लिहून येतं ते छानच, पण एक मुद्दा राहूनच जातो. कार्डाची (लेखाचा फोटो, तारीख दाखवणाऱ्या चौकटीची) एकच टेम्प्लेट फाइल, म्हणजे मांडणीचा साचा, होमपेजवर, सर्चमध्ये, साइडबारमध्ये वापरायची, कुठे फोटो मोठा, कुठे तारीख नको, मग हे त्या फाइलला सांगायचं कसं? लोक अजूनही ग्लोबल व्हेरिएबल (सगळ्या कोडला दिसणारी व्हॅल्यू) नाहीतर सेट क्वेरी व्हार (set_query_var) हे फंक्शन वापरतात, मग लूपमधल्या (एकामागून एक कार्डं दाखवणाऱ्या कोडमधल्या) एका कार्डाची व्हॅल्यू पुढच्या कार्डात तशीच चिकटून राहते आणि चूक शोधताना नाकी नऊ येतात. अहो, ऑगस्ट २०२० मधल्या ५.५ व्हर्जनपासून गेट टेम्प्लेट पार्टला (टेम्प्लेट फाइल बोलावणाऱ्या get_template_part फंक्शनला) तिसरा पॅरामीटर (फंक्शनला द्यायची माहिती) म्हणून सरळ ॲरे, म्हणजे व्हॅल्यूंची यादी, देता येतो, फाइलच्या आत तो 'आर्ग्ज' ($args) नावाने मिळतो! दुसरा पॅरामीटर (फाइलच्या नावाचा पुढचा भाग) लागत नसेल तर तिथे नल (null, म्हणजे 'काही नाही') द्यायचं, बरेच जण ॲरे तिथेच टाकतात आणि मग आत काहीच पोचत नाही. आणि हो, डीफॉल्ट व्हॅल्यू फाइलमध्येच ठेवा, म्हणजे कुणी काही पाठवलंच नाही तरी पेजवर वॉर्निंग झळकणार नाही. पुढच्या पुरवणीत यावर एक चौकट द्याच.

– एक वाचक